दिवेल्याचे कूळ

मराठीने एरंडाला फारसा मान दिलेला नाही. निष्फळ आणि लांबत जाणाऱ्या चर्चेला आपण 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतो. वृक्षहीन प्रदेशात एरंडालाही वृक्षाचा दर्जा मिळतो, असे सांगून संस्कृत सुभाषितकारानेही त्याला टोमणाच मारला आहे. आमच्या पिढीला तर एरंडेल म्हटले की रविवारची सकाळ, गरम चहात घातलेले ते चिकट औषध आणि आजीचा धाक एवढेच आठवते. परंतु बडोद्यात चार-सहा पिढ्या काढलेल्या मराठी घरांत या तेलाचे आणखी एक नाव रुळले आहे आणि त्यात उपहासाचा लवलेश नाही. ते नाव म्हणजे दिवेल. वर्षाचे गहू भरताना त्यांना दिवेल चोळावे, तुरीच्या डाळीला दिवेलाचा हात लावावा, ही रीत आपल्या बायकांनी गुजराती शेजारणींकडून उचलली. झाडाचे गुजराती नाव 'दिवेला'. ज्याच्या तेलावर दिवा जळतो तो दिवेला.

या दिवेल्याच्या वाणसुधारणेचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. पिकाची वाणे ही साहित्यसभेच्या अंकात मांडण्याची गोष्ट आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. त्यावर आमचे उत्तर असे की, या इतिहासाचा मध्यबिंदू विजापूर हा आहे. हे आदिलशाहीचे, गोलघुमटाचे विजापूर नव्हे. हे विजापूर मेहसाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत ते गायकवाडांच्या कडी प्रांतातील एक महाल होते. आपल्या कित्येक घराण्यांतील आजे-पणजे या प्रांतात वहिवाटदार, फौजदार, मास्तर म्हणून राहून आले आहेत. त्यांनी ज्या रेताड जमिनीचा सारा गोळा केला, त्याच जमिनीत पुढे जगाच्या एरंडी-व्यापाराचे केंद्र उभे राहिले. तेव्हा हा इतिहास आपल्यालाही अगदी परका नाही.

एरंड मूळचा पूर्व आफ्रिकेचा, विशेषतः इथिओपियाच्या बाजूचा, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत त्याच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे चरक-सुश्रुतांना तो पूर्ण परिचित होता, म्हणजे तो येथे येऊनही दोन हजार वर्षे सहज उलटली. लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'रिसिनस' हे नाव दिले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गोचीड, आणि बी हातात घेऊन पाहिले की हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. या वनस्पतीची एक गोष्ट मात्र वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा पेच तिच्यात आहे. रिसिनस या प्रजातीत जाती एकच. गव्हाला, उसाला, वांग्याला रानटी भाऊबंद असतात आणि रोगप्रतिकाराचा गुण हवा असल्यास पैदासकार त्यांच्या दारी जाऊ शकतो. एरंडाला असा भाऊबंद नाही. जे काही मिळवायचे ते त्याच्याच घरात शोधावे लागते.

त्याचे तेलही एकाकीच आहे. बियांत तेल जवळजवळ निम्मे असते आणि त्या तेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. एवढ्या प्रमाणात ते दुसऱ्या कोणत्याही पिकाच्या तेलात आढळत नाही. या आम्लाच्या रेणूवरील एका जादा हायड्रॉक्सिल गटामुळे तेल दाट राहते, मद्यार्कात मिसळते, पण पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांना नेमके असेच वंगण हवे होते. त्यामुळे आपल्या दिव्याचे तेल एकाएकी युद्धसामग्री होऊन बसले. अमेरिकेने १९१८ मध्ये हिंदुस्थानातून बी मागवून आपल्या दक्षिणेकडील राज्यांत एरंडाची मोठी लागवड करविली. तेथील दमट हवेत घडांवर करडी बुरशी पडली आणि तो उद्योग फसला. या बुरशीचे नाव पुढे पुन्हा येईल. 'कॅस्ट्रॉल' हे वंगणाचे प्रसिद्ध नाव एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच बेतलेले आहे. नायलॉन-११ नावाचे प्लास्टिक आजही एरंडेलापासूनच तयार होते.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात एरंडाचे मोठे क्षेत्र गुजरातेत नव्हते. ते निजामाच्या राज्यात, नलगोंडा आणि महबूबनगरच्या माळरानांवर होते. तेथील एरंड उंच वाढे आणि आठ-नऊ महिने शेत अडवून बसे. पाऊस लवकर गेला तर पदरात पडेल ते घ्यायचे, अशी ती शेती. देशाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी जेमतेम २०० किलोंच्या आसपास. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल ऑइलसीड्स कमिटीने या दुर्लक्षित पिकाकडे लक्ष दिले, आणि तिचे कार्यालय हैदराबादेतच होते. या कमिटीने १९५९ मध्ये एल. जी. कुलकर्णी यांचा एरंडावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. एरंडावर काम करणाऱ्यांना त्यानंतर कित्येक वर्षे हाच ग्रंथ आधाराला होता. आपल्या हैदराबादकर मंडळींपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. कवींच्या जयंत्या आपण नेमाने साजऱ्या करतो. शेतीवर ग्रंथ लिहिणारा मात्र आपल्या स्मरणवहीत क्वचितच शिरतो.

हैदराबादेत तेव्हा निवड पद्धतीने काढलेली एचसी मालिकेतील वाणे होती. त्यांपैकी एचसी-६ या वाणाच्या बियांवर औष्णिक न्यूट्रॉनांचा मारा करण्यात आला आणि त्यातून एक बुटके, लवकर येणारे रोप हाती लागले. मूळ वाणाला लागत २७० दिवस. याचे पीक साधारण १२० ते १४० दिवसांत तयार होई. 'अरुणा' या नावाने ते १९६९ मध्ये शेतकऱ्यांना मिळाले. किरणोत्सर्गाने पीक सुधारण्याच्या कामी हे उदाहरण जगभर सांगितले जाते. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा अर्थ सरळ होता. पाऊस ऑक्टोबरात संपला तरी पीक हाती येणार.

परंतु खरी उडी घ्यायची तर संकर हवा होता, आणि संकराच्या वाटेत एरंडाचे फूल आडवे येत होते.

एरंडाच्या घडावर, ज्याला गुजरातेत 'माळ' म्हणतात, खालच्या बाजूला नरफुले आणि वरच्या बाजूला मादीफुले असतात. पराग वाऱ्याने उडतो. संकरित बी तयार करायचे तर मादी म्हणून निवडलेल्या ओळीतील प्रत्येक झाडाची प्रत्येक माळ नरफुले उमलण्यापूर्वी हाताने साफ करावी लागेल. एखाद्या गुंठ्यात हे शक्य आहे, शेकडो एकरांत नाही. म्हणून केवळ मादीफुलेच धरणारे झाड हवे. असे झाड अमेरिकेत क्लासेन आणि हॉफमन यांनी १९५० मध्ये वर्णिले. एका अप्रभावी जनुकामुळे त्याच्यावर नरफुले येतच नाहीत. पण मग त्या झाडाचा वंश चालणार कसा? शेजारच्या नरफुले असलेल्या बहिणीकडून पराग घ्यावा, तर संततीतील निम्मी झाडे पुन्हा मिश्र निघतात आणि बीजोत्पादनाच्या शेतातून ती वेळीच उपटावी लागतात. निम्मे पीक उपटून टाकायला शेतकरी धजत नाही, आणि एक झाड राहून गेले तरी भेसळ होते.

या कोंडीतून वाट काढली ती ओव्हेद शिफ्रिस यांच्या संशोधनाने. १९५६ मध्ये आणि पुढे १९६० मध्ये त्यांनी दाखवून दिले की, एरंडात दुसऱ्या एका प्रकारचे स्त्रीत्व आहे आणि ते अस्थिर आहे. असे झाड पहिल्या काही माळा शुद्ध मादीच्या धरते आणि पुढे केव्हातरी उलटते. त्यानंतरच्या माळांवर नरफुलेही येतात. पैदासकाराच्या दृष्टीने हा दोष नसून वरदान होते. जे झाड उशिरा उलटते, त्याच्या शेवटच्या माळांवर त्याचेच बी त्याच्याच परागाने धरते आणि वंश चालू राहतो. त्यातूनही जी रोपे आणखी उशिरा उलटतील ती निवडायची, लवकर उलटणारी उपटायची. याशिवाय तिसराही एक प्रकार आहे. त्यात हवेतील उष्मा साधारण ३१-३२ अंशांच्या वर गेला की मादीच्या माळेत मधूनमधून नरफुले डोकावतात. त्यामुळे उन्हाळ्यात मादी वाणाचे स्वतःचे बी वाढवता येते आणि थंड हंगामात तीच ओळ संकरासाठी शुद्ध मादी राहते. ऋतू पाहून लिंग ठरविणारे हे झाड आणि त्याच्या या लहरीवर उभा राहिलेला कोट्यवधी रुपयांचा व्यवहार! आम्हांला तरी या पिकातली सर्वांत नवलाची गोष्ट हीच वाटते.

अमेरिकेतून टीएसपी-१०आर नावाची उशिरा उलटणारी मादी ओळ गुजरातेत आली. तिचा जुनागढच्या जे.आय.-१५ या नर ओळीशी संकर करून १९६८ मध्ये जीसीएच-३ हे वाण प्रसारित झाले. भारतातील एरंडाचे हे पहिले संकरित वाण. ते 'जगातील पहिले' असेही पुष्कळदा छापले जाते, पण अमेरिकेत संकरित एरंड त्यापूर्वीच शेतात उतरला होता, तेव्हा एवढी फुशारकी नको. तिच्याशिवायही गौरवाला पुरेसे कारण आहे. आणखी एक बाब. १९६८ मध्ये गुजरात कृषि विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते. ते १९७२ चे. अर्थात पहिले वाण निघाले ते राज्य सरकारच्या खात्यातून, त्याच साचेबंद कचेरीतून, जिच्यावर विनोद करणे हा आपला आवडता उद्योग आहे. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाने याचा उल्लेख केला तर वाचक क्षमा करतील.

पुढचे पाऊल विजापूरच्या संशोधन केंद्राने टाकले. टीएसपी-१०आर मधूनच निवड करून तेथे व्हीपी-१ ही मादी ओळ स्थिर करण्यात आली. 'व्ही' म्हणजे विजापूर. या एका ओळीने गुजरातचे शेत पालटले. विजापूरच्याच व्हीआय-९ शी तिचा संकर होऊन १९७३ मध्ये जीएयूसीएच-१ आला, १९८५ मध्ये जीसीएच-२ आणि १९८६ मध्ये ४८-१ या नर ओळीबरोबरच्या संकरातून जीसीएच-४ आला. यांतील जीसीएच-४ गुजरातबाहेरही दूरवर पसरला.

वाण निघाले म्हणजे बी मिळाले, असे मात्र नसते. मादीच्या तीन-चार ओळींमागे नराची एक ओळ, दुसऱ्या एरंडापासून पुरेसे अंतर, आणि महिनोन्‌महिने शेतात फिरून लवकर उलटलेले प्रत्येक मादी झाड उपटणे, असे हे काम आहे. माळेच्या बुडाशी चार पिवळी नरफुले दिसली की झाड गेलेच पाहिजे. बियाण्यांच्या तपासणीवर जाण्याचे प्रसंग आम्हांला नोकरीत आले. तेव्हा पाहिले आहे की, उत्तर गुजरातेतील पाटीदार शेतकऱ्याची दहा-बारा वर्षांची मुलगीही चालता चालता असे झाड नेमके दाखवीत असे, आणि पुस्तक वाचून आलेला नवा अधिकारी त्याच्यावरून पुढे निघून जाई. भेसळीचे बी संकरित म्हणून विकणारे व्यापारीही आम्ही पाहिले. बी रुजते, झाड वाढते, आणि खोटेपणा कळतो तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. संकराचे बी दरसाल विकत घ्यावे लागते, घरचे चालत नाही. तेव्हा शेतकऱ्याचा सारा भरवसा त्या पिशवीवरच असतो.

तरीही शेतकऱ्याने हे बी घेतले, कारण हिशेब जुळत होता. कूपनलिकांचे पाणी, संकरित बी आणि खत यांच्या जोरावर मेहसाणा-बनासकांठ्यात हेक्टरी दोन टनांची मजल सामान्य झाली. कडी, सिद्धपूर, पाटण येथे घाण्यांच्या जागी तेलगिरण्या उभ्या राहिल्या आणि कांडला बंदरातून तेल जगभर जाऊ लागले. २०११-१२ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे २३ लाख टनांपर्यंत गेले. आज जगातील एरंडीपैकी बहुतांश भारतात पिकते आणि भारतातील पाचांपैकी चार वाटे गुजरातेत.

या भरभराटीच्या मुळाशीच कीड लागली, आणि तीही अक्षरशः मुळाशी. एकाच शेतात वर्षानुवर्षे पाणी देऊन एरंड घेऊ लागल्यावर मर रोग वाढला. गुजराती शेतकरी त्याला 'सुकारो' म्हणतो. फ्युजेरियम नावाची बुरशी जमिनीत राहते, मुळांतून शिरून रसवाहिन्या बंद करते आणि भरल्या माळांचे झाड उभ्या उभ्या वाळते. औषध फवारून ती जात नाही, पिकाचा फेरपालट केला तरी जमिनीत टिकून राहते. उपाय एकच, प्रतिकारक वाण. जीसीएच-४ लोकप्रिय झाला तो मुख्यतः याच गुणामुळे. पण हा गुण त्याला बापाकडून, ४८-१ कडून मिळालेला. आई व्हीपी-१ स्वतः मर रोगाला बळी पडणारी. त्यामुळे विचित्र स्थिती उद्भवली. शेतकऱ्याच्या शेतात संकरित झाड तग धरी, परंतु ज्या बीजोत्पादनाच्या शेतात ते बी तयार व्हायचे, तेथे आईच मरत असे. शिवाय १९७३ ते १९८६ पर्यंतची सारी वाणे या एकाच आईच्या लेकी. लाखो हेक्टरांचे भवितव्य एका ओळीच्या प्रकृतीवर टांगून ठेवणे ही मोठी जोखीम होती, आणि यशाच्या भरात तिच्याकडे बराच काळ डोळेझाक झाली, असे आमचे मत आहे.

पुढे आई बदलण्याचे काम झाले. 'गीता' या मादी ओळीपासून १९९५ मध्ये जीसीएच-५, जुनागढच्या जेपी-६५ पासून १९९९ मध्ये जीसीएच-६, आणि सरदारकृषिनगरच्या एसकेपी-८४ पासून २००६ मध्ये जीसीएच-७ निघाला. शेवटचा मर रोगाबरोबरच मुळांवरील सूत्रकृमींनाही तोंड देतो. ही निवड होते कशी, तेही सांगण्याजोगे आहे. मुद्दाम रोगट केलेला जमिनीचा एक तुकडा राखलेला असतो. त्यात बुरशी वाढू देतात, दरवर्षी तेथेच एरंड पेरतात, आणि जे रोप त्या विषारी मातीत जगते तेच पुढे चालवतात. बाकी शेतांत रोग हटवायचा आणि येथे तो जपायचा!

तेलंगणाची कथा इतकी सुखाची नाही. १९७७ मध्ये हैदराबादेत तेलबिया संशोधन संचालनालय स्थापन झाले आणि तेथून डीसीएच-१७७, डीसीएच-५१९ यांसारखी संकरित वाणे निघाली. पण नलगोंडा-महबूबनगरच्या हलक्या जमिनीत, पावसाच्या भरवशावर, गुजरातचे उत्पन्न येत नाही. बरेचसे शेतकरी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर समाधान मानतात. ऐन माळा भरताना चक्रीवादळाचा पाऊस लागला की करडी बुरशी पडते, तीच जिने १९१८ मध्ये अमेरिकेची लागवड बुडविली. १९८७ मध्ये तिने आंध्रात मोठा कहर केला. माळ विरळ असेल तर हवा खेळते आणि बुरशी कमी पसरते एवढे कळले आहे, पण पूर्ण प्रतिकारक असा एरंड कोणाला सापडलेला नाही. एकेकाळी देशाला एरंडी पुरविणारा प्रदेश अशा रीतीने मागे पडला, आणि तेथील शेतकरी कापसाकडे वळला. कापसाने त्याचे काय केले, तो विषय निराळा.

अलीकडच्या काळात रेणुशास्त्राने एरंडाची झडती घेतली आहे. १९९५ मध्ये रिसिनोलिक आम्ल घडविणारे जनुक वेगळे करण्यात आले. ते दुसऱ्या एखाद्या सोप्या पिकात घालून पाश्चात्त्य देश आपल्या घरीच एरंडेल पिकवतील आणि गुजरातचा व्यापार बसेल, अशी भीती तेव्हा काही जणांना वाटली होती. तसे घडले नाही. प्रयोगातील रोपांनी हे आम्ल तयार केले खरे, परंतु एरंडाच्या नव्वद टक्क्यांच्या जवळपास ती कोठेच पोचली नाहीत. एक जनुक उचलून सारी घडण येत नाही. २०१० मध्ये एरंडाच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, तोही 'हेल' या अमेरिकन वाणाचा. २०१७ मध्ये ब्राझीलच्या एम्ब्रापा संस्थेतील शास्त्रज्ञांनी बियांतील रिसिन हे विष बंद पाडलेली रोपे तयार केली. हे साधले तर पेंड गुरांना घालता येईल. आज ती खत म्हणूनच शेतात जाते.

या साऱ्या तपासणीतून एक गोष्ट मात्र काळजीची निघाली. जगभरच्या एरंडांचे नमुने ताडून पाहता त्यांच्यातील आनुवंशिक विविधता अपेक्षेपेक्षा फारच थोडी आढळली. पाने तांबडी असोत वा हिरवी, बोंडे काटेरी असोत वा गुळगुळीत, आत रक्त जवळपास एकच. भाऊबंद नाहीत हे आपण आरंभी पाहिलेच. आता घरातही गोतावळा लहानच निघाला. मर रोगाची बुरशी मात्र एका जागी थांबलेली नाही, तिचे निरनिराळे प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून आता संशोधकांची दृष्टी पुन्हा इथिओपिया आणि केनियाच्या रानांकडे वळली आहे. तेथे आपोआप उगवलेला, उंच वाढणारा, लहान बियांचा एरंड आजही आहे, आणि त्याच्यातील विविधता शेतातल्या एरंडाहून अधिक असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. दरम्यान सरदारकृषिनगरला त्या रोगट तुकड्यात पेरणी होते आणि जगलेल्या रोपांना नवे क्रमांक पडतात. जे.आय. म्हणजे जुनागढ, व्हीपी म्हणजे विजापूर, एसकेपी म्हणजे सरदारकृषिनगर: या अक्षरांत गावे आहेत, ज्यांनी ती झाडे निवडली त्या माणसांची नावे नाहीत.